समुपदेशकाच्या दारापर्यंत : महाविद्यालयीन विद्यार्थी, मानसोपचार आणि चँडलरची मराठी घरे

चँडलरपासून मोटारीने वीस-पंचवीस मिनिटांच्या अंतरावर, टेम्पी येथे, ॲरिझोना राज्य विद्यापीठाचा मुख्य परिसर आहे. इंटेलने १९८० साली चँडलरमध्ये कारखाना सुरू केला. मायक्रोचिपचे मुख्यालय येथेच आहे आणि प्राइस रस्त्यालगत बँका व तंत्रज्ञान कंपन्यांची रांग लागली आहे. या रोजगाराच्या ओढीने आलेल्या मराठी कुटुंबांतील पुष्कळ मुले बारावीनंतर टेम्पीला किंवा पेकोस रस्त्यावरील चँडलर-गिल्बर्ट कम्युनिटी कॉलेजात जातात. त्याच टेम्पीत दर ऑगस्टमध्ये पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर येथून पदव्युत्तर शिक्षणासाठी मराठी विद्यार्थी उतरतात. पहिल्या गटाचे घर हाकेच्या अंतरावर असते, दुसऱ्याचे साडेबारा तासांच्या कालफरकापलीकडे. विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्राचे दार मात्र दोघांना एकच आहे, आणि ते उघडण्यापूर्वी दोघेही थबकतात. त्यांची कारणे काही सारखी आहेत, काही अगदी वेगळी.

मानसिक त्रासासाठी व्यावसायिक मदत घेण्याविषयी विद्यार्थ्यांची वृत्ती काय असते, ती कशातून घडते, आणि अमेरिकेतील, विशेषतः ॲरिझोनातील, कायदा व विमा यांचा तिच्याशी काय संबंध आहे, याची माहिती येथे एकत्र केली आहे.

वृत्ती मोजायची कशी

या विषयावरील संशोधनाचा पाया एडवर्ड फिशर आणि जॉन टर्नर यांनी १९७० साली घातला. त्यांनी २९ विधानांची एक प्रश्नावली तयार केली आणि त्यातून वृत्तीचे चार धागे वेगळे काढले : आपल्याला मदतीची गरज आहे हे ओळखणे, लोकांच्या नावे ठेवण्याला तोंड देण्याची तयारी, परक्या माणसापुढे मन मोकळे करता येणे, आणि त्या व्यवसायावरचा विश्वास. १९९५ मध्ये फिशर आणि फरिना यांनी तिची दहा विधानांची छोटी आवृत्ती केली, आणि आजही जगभरातील विद्यापीठांत बहुधा तीच वापरली जाते.

हे चार धागे मराठी घरात आणून पाहिले, तर गाठ कोठे बसते ते लगेच कळते. पहिलाच धागा कच्चा असतो. झोप न लागणे, पित्त उठणे, डोके धरणे, जेवणावरची वासना जाणे या तक्रारी आमच्याकडे शरीराच्या खात्यावर टाकल्या जातात आणि त्यावर सुंठ, पुदिनहरा किंवा फार तर फॅमिली डॉक्टर हा उपाय ठरतो. अभियंत्यांच्या घरात तर ‘टेन्शन सगळ्यांनाच असते, परीक्षा झाली की जाईल’ हे वाक्य आई-वडिलांनी उच्चारायच्या आधी मूलच उच्चारते. अमेरिकन विद्यार्थ्यांच्या अभ्यासांतही मदत न घेण्याचे हे एक मोठे कारण आढळते : महाविद्यालयात ताण असायचाच, तो आपोआप ओसरेल, आणि आत्ता वेळ नाही. म्हणजे यात मराठीपण फारसे नाही. मराठीपण आहे ते तिसऱ्या धाग्यात. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आम्हाला फार लहानपणी शिकवले जाते. घरातली गोष्ट, त्यातही वडिलांचा राग, आईबाबांमधला अबोला, पाठच्या भावाशी होणारी तुलना, एका अनोळखी बाईंना पन्नास मिनिटे सांगायची, ही कल्पनाच त्या मुलाला घराशी केलेली फितुरी वाटते.

चौथ्या धाग्याची तक्रार अधिक साधी आहे : ‘नुसते बोलून काय होणार?’ तिला उत्तर देणे सोपे, पण ते क्वचितच कोणी देते. पहिल्या भेटीत समुपदेशक बहुधा झोप, भूक, अभ्यास, नशा, घरातील आजारपणे आणि जिवाला धोका पोहोचवणारे विचार यांविषयी ठरावीक प्रश्न विचारतो, गोपनीयतेच्या मर्यादा सांगतो आणि पुढे काय करायचे ते विद्यार्थ्याबरोबर ठरवतो. नैराश्य आणि चिंता यांवर सर्वाधिक अभ्यासली गेलेली पद्धत म्हणजे विचार-वर्तन उपचारपद्धती. तीत गृहपाठ असतो, नोंदी असतात, आपल्या मनात आपसूक उमटणारा विचार कागदावर उतरवून त्याच्या बाजूचे व विरुद्धचे पुरावे तपासायचे असतात. हे ऐकल्यावर एखाद्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याचा चेहरा बदलतो, असा माझा अनुभव आहे. आतापर्यंत तो पलंगावर आडवे पडून बालपण आठवण्याची हॉलिवुडी कल्पना मनात धरून बसलेला असतो.

चार लोक आणि आपण स्वतः

मदत न घेण्यामागे ‘चार लोक काय म्हणतील’ हे कारण आपण सहज पुढे करतो. डॅनियल आयझेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेला, १३ विद्यापीठांतील साडेपाच हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचा अभ्यास या समजुतीला धक्का देतो. त्यांनी दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या. एक, मानसोपचार घेणाऱ्याला समाज कमी लेखतो असे तुम्हाला वाटते का? दोन, तुम्ही स्वतः त्याला कमी लेखता का? पहिल्याचे प्रमाण दुसऱ्यापेक्षा पुष्कळच अधिक निघाले. दुसरा कमी लेखेल या भीतीने प्रत्येक जण गप्प होता, आणि प्रत्यक्षात कमी लेखणारे थोडे होते.

पुढचा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा आहे. समाज काय म्हणेल या भीतीचा मदत घेण्या-न घेण्याशी लक्षणीय संबंध आढळला नाही. संबंध आढळला तो स्वतःच्या मनातल्या कमी लेखण्याशी. ज्यांच्या मनात ते होते, त्यांना आपल्याला मदतीची गरज आहे असे वाटण्याचे प्रमाणही कमी होते आणि उपचार घेण्याचेही. हे मनातले कमी लेखणे अधिक आढळले ते पुरुष, वयाने लहान, आशियाई, परदेशांतून आलेले, अधिक धार्मिक आणि गरीब कुटुंबांतील विद्यार्थ्यांत. टेम्पीला नुकत्याच उतरलेल्या मराठी मुलाला यांतली तीन-चार लक्षणे एकदम लागू पडतात.

याचा अर्थ मला असा दिसतो की, ‘चार लोक’ हे अनेकदा घरातच बसलेले असतात. जेवताना कोणा ओळखीच्याच्या घटस्फोटाविषयी, कोणाच्या मुलीने शिक्षण मध्येच सोडल्याविषयी आपण ज्या सुरात बोलतो, तो सूर समोरचे दहा वर्षांचे मूल ऐकत असते. पुढे दहा वर्षांनी तोच सूर त्याच्या स्वतःच्या आवाजात त्याला ऐकू येतो. डेव्हिड व्होगेल, नेथनिएल वेड आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये नेमके हे मोजणारी दहा विधानांची मोजपट्टी तयार केली : मदत मागितल्याने मी माझ्याच नजरेत उतरेन का?

आशियाई अमेरिकनांचे मदत घेण्याचे प्रमाण कमी असल्याची नोंद जुनी आहे. स्टॅन्ली स्यू आणि डेरल्ड स्यू या बंधूंनी १९७४ सालीच दाखवले होते की, विद्यापीठाच्या मनोविकार चिकित्सालयात आशियाई विद्यार्थी त्यांच्या संख्येच्या मानाने कमी येतात, आणि येतात तेव्हा त्यांचा त्रास इतरांपेक्षा अधिक वाढलेला असतो. २००२-०३ मधील राष्ट्रीय पाहणीत वर्षभरात मानसिक आरोग्याची कोणतीही सेवा घेतलेल्या आशियाई अमेरिकनांचे प्रमाण ८.६ टक्के होते, तर सर्वसाधारण लोकसंख्येत ते १७.९ टक्के होते. २०१३ ते २०२१ या काळातील ३७३ महाविद्यालयांच्या माहितीवर आधारलेल्या, साडेतीन लाखांहून अधिक विद्यार्थ्यांच्या विश्लेषणात २०२०-२१ साली साठ टक्क्यांहून अधिक विद्यार्थी एका तरी मानसिक समस्येच्या निकषांत बसत होते. त्या आठ वर्षांतील आशियाई विद्यार्थ्यांचे उपचार घेण्याचे सर्वांत चांगल्या वर्षीचे प्रमाणही गौरवर्णीयांच्या सर्वांत वाईट वर्षीच्या प्रमाणापलीकडे गेले नाही.

‘आशियाई’ या एका शब्दात चिनी, फिलिपिनो, व्हिएतनामी, भारतीय सारेच येतात, ही या आकडेवारीची मर्यादा आहे. मराठी भाषकांचा वेगळा हिशेब त्यात नाही.

शब्दांचे ओझे

मराठीत या व्यवसायासाठी शब्दांची वाण नाही. समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ, मनोविकारतज्ज्ञ असे चांगले शब्द आहेत. तोंडात मात्र ‘वेड्यांचा डॉक्टर’ बसलेला आहे. महाराष्ट्रातील चार प्रादेशिक मनोरुग्णालये येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत, आणि ‘याला येरवड्याला पाठवा’, ‘ठाण्याला भरती करा’ ही वाक्ये अनेक पिढ्यांनी विनोद म्हणून वापरली. चँडलरमध्ये वाढलेल्या मुलाला येरवडा कोठे आहे हे ठाऊक नसते, पण आजोबा ते म्हणाले की सगळे हसतात हे त्याला ठाऊक असते.

चित्रपटांनी यात थोडी वाट काढली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ (२००४) स्किझोफ्रेनियावर होता. त्याच्या निर्मितीमागे कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवणारे डॉ. जगन्नाथ वाणी होते. पत्नीच्या आजारपणाचा अनुभव त्यांनी लपवला नाही आणि पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था उभी केली. परदेशस्थ मराठी माणसाने या क्षेत्रात काय करता येते याचे याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही. याच दिग्दर्शकद्वयाच्या ‘कासव’ला ६४व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले. त्यात नैराश्याने खचलेला तरुण आलोक राजवाडे यांनी साकारला आहे, आणि त्याला आसरा देणारी जानकी (इरावती हर्षे) अमेरिकेतून परतलेली, स्वतः त्या वाटेवरून गेलेली आहे. चित्रपटाच्या निर्मितीत सहभागी असलेले डॉ. मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत. घरात मुलांशी हा विषय काढायचा कसा, असे विचारणाऱ्या पालकांना मी आधी ‘कासव’ एकत्र बसून पाहायला सांगते.

अठराव्या वर्षी काय बदलते

२०१७ नंतरच्या काळात चँडलर, गिल्बर्ट, टेम्पी हा ईस्ट व्हॅलीचा परिसर किशोरवयीन मुलांच्या आत्महत्यांनी हादरला होता. पालकांच्या रेट्यातून २०१९ मध्ये ॲरिझोनाने मिच वॉर्नॉक कायदा केला. त्यान्वये इयत्ता सहावी ते बारावीच्या शाळांतील कर्मचाऱ्यांना आत्महत्या-प्रतिबंधाचे प्रशिक्षण सक्तीचे झाले. टेम्पीतील एका विद्यार्थ्याच्या नावाने तो ओळखला जातो. फिनिक्सच्या टीन लाइफलाइनचा क्रमांक येथील अनेक शाळांच्या ओळखपत्रांवर छापलेला असतो. त्यामुळे येथे वाढलेले मूल महाविद्यालयात जाते तेव्हा या विषयाची भाषा त्याला अवगत असते. पालकांना ती नसते, आणि त्यात कायद्याचा एक मोठा पालट त्यांच्या लक्षात येत नाही.

अठरा वर्षांखालील मुलाच्या मानसोपचारासाठी ॲरिझोनात सामान्यतः पालकांची संमती लागते. म्हणजे शाळेत असेपर्यंत आई-वडिलांच्या संमतीवाचून पान हलत नाही. महाविद्यालयात पाऊल टाकताच चित्र उलटे होते. ‘फेर्पा’ या १९७४ च्या संघीय कायद्यानुसार शैक्षणिक नोंदींवरचा हक्क विद्यार्थ्याकडे जातो, शुल्क कोणीही भरत असो. पालकांनी आयकर विवरणात मुलाला अवलंबून दाखवले असेल तर विद्यापीठ त्यांना माहिती देऊ शकते, पण देणे बंधनकारक नाही. जिवाला धोका असल्यास संबंधितांना कळवण्याची मुभा आहे. समुपदेशन केंद्रातील उपचारांच्या नोंदी तर सर्वसाधारण शैक्षणिक नोंदींपासून वेगळ्या ठेवल्या जातात. गुणपत्रिकेवर, शिफारसपत्रात वा प्राध्यापकांच्या यादीत त्यांचा मागमूस नसतो.

अनेक पालकांना हे अन्यायाचे वाटते. ‘माझ्याच मुलाची माहिती मला नाही?’ हा प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु त्या गुप्ततेच्या भरवशावरच मूल आत पाऊल टाकते, हे ध्यानात घ्यावे. शिवाय मार्ग बंद नसतो. विद्यार्थ्याने लेखी परवानगी दिली तर समुपदेशक पालकांशी बोलू शकतो. मूल घर सोडण्यापूर्वीच्या उन्हाळ्यात, सगळे सुरळीत असताना, अडचणीच्या वेळी कोणाला कळवायचे याची बोलणी करून ठेवावीत. वसतिगृहासाठी चादरी-उशा घेताना या विषयाला दहा मिनिटे द्यायला हरकत नसावी.

विम्याचे पत्र

गुप्ततेला खरी भोके पडतात ती टपालपेटीत. २०१० च्या आरोग्य कायद्याने मुलांना २६ वर्षांपर्यंत पालकांच्या विम्यात राहता येते, आणि बाहेरच्या उपचारांचा दावा दाखल झाला की विमा कंपनी खर्चाचा तपशील सामान्यतः मुख्य विमाधारकाला पाठवते. तो विमाधारक म्हणजे इंटेलमध्ये काम करणारे बाबा. हे ठाऊक असलेली मुले उपचारच टाळतात किंवा खिशातून पैसे देतात. ‘हिपा’ कायद्याखाली गोपनीय पत्रव्यवहाराची मागणी विमा कंपनीकडे करता येते. माहिती उघड झाल्यास आपल्याला धोका आहे असे विद्यार्थ्याने स्पष्ट कळवले, तर वाजवी मागणी कंपनीला मान्य करावीच लागते. अनेक विद्यापीठांच्या स्वतःच्या समुपदेशन केंद्रांत मात्र विम्याचा प्रश्नच येत नाही. तेथील भेटी बहुधा मोजक्या असतात, आणि दीर्घ उपचारांसाठी बाहेर पाठवले जाते.

मूल दुसऱ्या राज्यात शिकायला गेले की आणखी एक अडचण उभी राहते. चँडलरमधील ज्या मानसशास्त्रज्ञाकडे ते बारावीपर्यंत जात होते, त्याचा परवाना ॲरिझोनाचा असतो, आणि दूरदृश्य उपचारांत रुग्ण कोठे बसला आहे हे पाहिले जाते. राज्यांनी आपसांत केलेल्या ‘सायपॅक्ट’ करारामुळे अनेक राज्यांत ही अडचण दूर झाली. ॲरिझोना त्यात २०१६ साली सर्वांत आधी सामील झाले. कॅलिफोर्निया त्यात नाही, आणि आमची बरीच मुले तिकडेच जातात. पुण्यातील समुपदेशकाशी व्हिडिओवर बोलण्याचा पर्याय पुष्कळ जण निवडतात. भाषेचा आधार मिळतो हे खरे, पण येथील परवाना नसलेल्या व्यक्तीचे पत्र विद्यापीठात चालत नाही आणि संकटाच्या रात्री तिला येथील व्यवस्था हलवता येत नाही.

व्हिसावर आलेल्यांची भीती

२०२३-२४ या शैक्षणिक वर्षात अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते, आणि त्या वर्षी भारताने चीनला मागे टाकले. यांतील मराठी विद्यार्थ्याच्या डोक्यावर बहुधा शैक्षणिक कर्ज असते, कधी त्यासाठी घर वा शेत गहाण असते. अशा मुलाला ‘मला जमत नाही’ हे घरी कळवणे फार अवघड जाते. त्यात व्हिसाची भीती. समुपदेशनाची नोंद सरकारकडे जाईल, शिक्का बसेल, ग्रीन कार्ड अडेल, अशा वदंता खोल्याखोल्यांत फिरतात.

विद्यापीठातील समुपदेशनाच्या भेटी व्हिसाच्या नोंदप्रणालीत जात नाहीत. उलट व्हिसाचे नियम आजारपणाला जागा देतात : डॉक्टर किंवा परवानाधारक मानसशास्त्रज्ञ यांचे पत्र असेल, तर एफ-१ विद्यार्थ्याला एका पदवीस्तरावर एकूण बारा महिन्यांपर्यंत कमी विषय घेता येतात वा विषय अजिबात न घेता राहता येते. अट एकच, विषय सोडण्यापूर्वी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातील अधिकाऱ्याची मंजुरी घ्यायची. आधी विषय सोडून मग कार्यालयात गेले, तर दर्जा धोक्यात येतो. लाजेपोटी गप्प राहणाऱ्याकडून नेमकी हीच चूक होते. ग्रीन कार्डच्या वैद्यकीय तपासणीतही कायदा पाहतो ते मानसिक आजाराशी निगडित, स्वतःला वा इतरांना इजा करणारे वर्तन. नैराश्यावर उपचार घेतले, एवढ्याने अर्ज फेटाळला जात नाही. असे वर्तन पूर्वी घडले असेल, तर वकिलाचा सल्ला घ्यावा.

येथे वाढलेल्या, पण एच-४ व्हिसावर असलेल्या मुलांचे दुखणे निराळेच. पालकांचे ग्रीन कार्ड रांगेत असताना मुलाला एकविसावे वर्ष लागते आणि ते अवलंबून राहण्याच्या कक्षेतून बाहेर पडते. ज्या शहरात ते बालवाडीत गेले, तेथेच ते परदेशी विद्यार्थी होते. या चिंतेवर समुपदेशकाकडे उत्तर नसते, पण ती चिंता ऐकून घेण्याची जागा असते.

महाराष्ट्रात काय घडते आहे

तिकडचे चित्र सुखावह नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या माहितीनुसार २०२२ साली भारतात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांत सर्वाधिक, १,७६४, महाराष्ट्रातील होते. निम्हान्सने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत बहुतेक मनोविकारांत उपचाराविना राहणाऱ्यांचे प्रमाण ७० टक्क्यांहून अधिक आढळले (त्या पाहणीतील बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, हे कित्येकदा विसरले जाते). २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा मे २०१८ पासून लागू झाला. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, आणि शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत पात्र समुपदेशक असावा असे सांगितले. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली सुरू केलेल्या आयपीएच या संस्थेने हा विषय मध्यमवर्गीय मराठी घरांच्या दिवाणखान्यात नेला. तिच्या ‘वेध’ परिषदांना गेलेली पिढी आता पालक झाली आहे, काही जण चँडलरमध्येही आहेत.

भारतातील नातेवाइकांसाठी टेलि-मानसचा क्रमांक १४४१६ असून तेथे मराठीत बोलता येते. अमेरिकेत कोठूनही ९८८ या क्रमांकावर फोन करता येतो किंवा संदेश पाठवता येतो. जुलै २०२२ पासून ही सेवा चालू आहे, आणि फोनवर दुभाष्याची सोय आहे. टेम्पीतील एम्पॅक्ट संस्था ॲरिझोना राज्य विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांसाठी ४८०-९२१-१००६ हा क्रमांक चोवीस तास चालवते, आणि शाळकरी मुलांसाठी टीन लाइफलाइनचा क्रमांक ६०२-२४८-८३३६ आहे. ९८८ वर पालक, खोलीतला सोबती वा मित्र यांनाही दुसऱ्याविषयी काळजी वाटल्यास फोन करून काय करावे ते विचारता येते.